आईच्या खांद्याला आजीचा हात

उल्हासनगरला माझं बटणांचं दुकान आहे. जीन्स-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांना लागणारी पितळी आणि साधी बटणं, चेन, रिव्हेट, असला सगळा माल. दुकानात बटणांची पोती रचलेली असतात आणि त्यातल्याच एका पोत्यावर मी बसतो. तरीही त्या वर्षी जवळजवळ सहा महिने माझ्या एकाही शर्टाची सगळी बटणं जागेवर नव्हती. एक जुने सिंधी गिऱ्हाईक माल बघायचं सोडून माझ्या पोटाकडेच बघत बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "साईं, दुकान बटन का, और खुद का बटन गायब? ऐसे में माल पे भरोसा कैसे करें?"

त्यांना काय सांगणार? खरं कारण होतं माझ्या आईचा डावा हात. आणि आईचं म्हणणं, तो तिचा नव्हताच.

आई कुळगावात आमच्या जुन्या बैठ्या घरात एकटी राहायची. वडील गेल्यानंतरही तिनं ते घर सोडलं नाही. मी बायकोसह चिखलोलीला सातव्या मजल्यावर. मधलं अंतर रिक्षानं पंधरा मिनिटांचं. तरी आई माझ्याकडे आली की परदेशी आल्यासारखी बसायची आणि संध्याकाळी परत जायची. कुळगावात तिच्या दारासमोरच काकीचं दार. काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, आईची जाऊ. दोघींची दारं दिवसभर उघडी. भांडणंही दारात बसूनच, म्हणजे कुणाला चालत जायला नको.

त्या दिवशी दुपारी काकीचा फोन आला. "पोरा, तुजी आय सवताच्याच हाताशी भांडते हाय."

आता कुणी शहाणा माणूस काय करील? दुकानाचं शटर ओढील आणि धावत सुटेल. मी म्हटलं, "काकी, तिची समजूत घाल. एक गिऱ्हाईक बसलंय, तासाभरात येतो." मला वाटलं, आईचं नेहमीचं काहीतरी. तासाभरानं गेलो, तर आई ओट्यावर बसलेली, पुढ्यात तांदळाचं सूप, आणि उजव्या हातानं डाव्या हाताच्या पाठीवर चापट्या मारतेय. डावा हात सुपातले तांदूळ मुठीनं उचलून अंगणात फेकत होता. कोंबड्या खूश होत्या.

डॉक्टर म्हणाले, झटका आलाय. मेंदूला. हे ऐकल्यापासून तो एक तास माझ्या छातीवर येऊन बसला, आणि हे सगळं हसत सांगत असलो तरी अजून तो पुरता उठलेला नाही.

आई दोनतीन दिवसांत बोलायला-चालायला लागली. हात लुळा पडला नव्हता. उलट त्याच्यात जोर भलताच होता. फक्त तो आईचं ऐकत नव्हता. डॉक्टरांनी मला कागदावर मेंदू काढून दाखवला, मला तो अक्रोडासारखा दिसला. त्याच्या दोन भागांना जोडणारा एक पूल असतो म्हणे, त्यालाच इजा झालीय. इकडचा निरोप तिकडे पोचत नाही. हे मात्र मला लगेच पटलं. आमच्याकडे उल्हास नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की अलीकडचे लोक अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. तिकडे ज्याला जे सुचेल ते तो करतो.

डॉक्टरांनी आईचा डावा हात तिच्या डोळ्यांसमोर धरून विचारलं, "हा हात कोणाचा, आजी?"

आईनं नीट निरखून पाहिलं. "यो हात माजा नाय."

"मग कोणाचा?"

"माज्या सासूचा."

डॉक्टर हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. असं कधी कधी होतं म्हणाले, माणसाला आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, हळूहळू कमी होईल. मी मान हलवली. पण तेवढ्यात त्या हातानं पुढं होऊन माझ्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं, आणि तिसरं ओढून तोडलं.

माझी आजी, म्हणजे आईची सासू, मी कॉलेजात असतानाच वारली. खाडीकडच्या मिठागरवाल्यांची लेक. तिच्या दोन सवयी सगळ्या भावकीला ठाऊक होत्या. मी शाळेतून आलो की ती मला दारातच पकडायची आणि घरात पाऊल टाकायच्या आत शर्टाची बटणं सोडवून शर्ट काढून घ्यायची. शाळेचा शर्ट घरात मळायचा नाही. दुसरी सवय आईच्या मुळावर आलेली. आईनं कालवण केलं आणि ती जरा पाठमोरी झाली, की आजी चिमूटभर मीठ उचलून हळूच टोपात टाकायची. मिठागराच्या लेकीला दुसऱ्या कुणाच्या हातचं मीठ पुरेसं वाटतच नसे. आईनं ते खारट कालवण वीस वर्षं मुकाट्यानं खाल्लं.

आईला आम्ही चिखलोलीला घेऊन आलो. पहिल्याच आठवड्यात ती ओट्याशी उभी राहून बायकोला आमटी कशी करायची ते शिकवत होती. (माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, शिकवणी चालूच आहे.) तेवढ्यात डावा हात मिठाच्या बरणीत गेला आणि मूठभर मीठ आमटीत पडलं.

"बघ!" आई ओरडली. तिच्या आवाजात भीती नव्हती. वीस वर्षांची चोरी अखेर पकडल्याचा आनंद होता. "बघितलंस? आता सांग, कोनाचा हाय हात?"

बायकोनं आमटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एका सासूला सांभाळायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "दोन आल्या."

त्या घरात आम्ही दोन्ही सासवांना कसं सांभाळलं ते सांगायला बसलो तर तुम्ही हसाल, आणि हसावं असंच ते होतं. आई उजव्या हातानं टीव्ही लावायची, डावा बंद करायचा. उजव्यानं फ्रीजचं दार लोटायची, डावा उघडायचा. सोसायटीचे सेक्रेटरी आईला बघायला आले. आई त्यांच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल अगदी शहाण्यासारखं बोलत होती आणि डावा हात त्यांच्या शर्टाची बटणं सोडत होता. बिचारे पोटापर्यंत उघडे पडले तरी "हो ना, हो ना" करत होते. आई मध्येच त्या हाताला दटावायची, "म्हातारे, परक्या मानसाला सोड!" सेक्रेटरी त्यानंतर आले नाहीत. टाकीही साफ झाली नाही.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, हाताला रिकामं ठेवू नका, काहीतरी धरायला द्या, म्हणजे तो शांत राहील. आम्ही रबरी चेंडू दिला. तो सातव्या मजल्यावरून खाली गेला. बटाटा दिला, त्याचंही तेच. शेवटी आईच म्हणाली, "कुलगावला पत्र्याच्या पेटीत तिची मशेरीची डबी हाय. ती आन." ती पितळी डबी आजी जन्मभर मुठीत धरून बसायची. मी ती आणली. हातानं ती घेतली, मूठ मिटली आणि तो आईच्या मांडीवर निमूट पडून राहिला. व्यायामवाली मुलगी म्हणाली, गोल गुळगुळीत वस्तू आहे, बरोबर मुठीत बसते. असेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून माझी बायको त्या हातासमोरून जाताना ओढणी सारखी करायला लागली, हे मी स्वतः पाहिलंय.

मग पितृपक्ष आला. आमच्यात पितरांचं पान छपरावर ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. कुळगावच्या कौलांवर कावळे पान ठेवायच्या आधीच हजर असतात. चिखलोलीला आम्हाला छप्पर कुठलं? गॅलरीच्या कठड्यावर आजीच्या नावाचं पान ठेवलं. वडे, खीर, घारगे, भाजी, सगळं साग्रसंगीत. काकीही कुळगावाहून आली होती. कावळा येईना. तास झाला. मी काव काव केलं. समोरच्या इमारतीतल्या बाईनं पडदा लावून घेतला. दीड तास झाला. माझ्या पोटातून जे आवाज येत होते ते ऐकून एखादा कावळा आला असता तर बरं झालं असतं.

"म्हातारीचं काहीतरी मनात राहिलंय," काकी म्हणाली. "बोल तिला कायतरी. वचन दे."

मी हात जोडून कठड्यासमोर उभा राहिलो. घराची डागडुजी करीन म्हटलं. कावळा नाही. आईला नीट बघीन म्हटलं. नाही. आता काय कबूल करावं या विचारात असतानाच माझ्या कोपराखालून आईचा डावा हात आला. डबी गॅलरीत पडल्याचा आवाज झाला. हातानं पानातला वडा उचलला.

मग काकी जोरात म्हणाली, "शिवली! शिवली! वाढा आता पानं!"

आणि खरं सांगतो, आम्ही वाढली. मी शिकलेला माणूस, डॉक्टरांनी काढलेला अक्रोड माझ्या खिशात होता, आणि मी "शिवली एकदाची" म्हणत पाटावर बसलो. भुकेपुढे शिक्षण टिकत नाही. आई मात्र जेवली नाही. ती डाव्या हातातल्या वड्याकडे बघत बसली.

"मी हिला आयुष्यभर वाढलं," ती म्हणाली. "मेल्यावर पन माज्याच हातानं खाते. पन माजं घर बंद पडलंय, त्याचं कोनाला काय नाय." मग माझ्याकडे वळून, "मना घरी जायचंय."

हे ती आल्या दिवसापासून म्हणत होती. दार उघडून झाडलंस का, तुळशीला पाणी कोण घालतं, काकीचा दुखरा पाय कसा आहे. मी प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलत होतो. त्या दिवशी ढकलता येईना. म्हणून मी एक युक्ती काढली. माझ्या युक्त्यांचा इतिहास बघता मी ती काढायला नको होती.

"आई," मी म्हटलं, "तू एकटी राहायची तर स्वयंपाक आला पाहिजे. हातावरची भाकरी करून दाखव. झाली तर घरी. नाही झाली तर इथंच राहायचं, पुन्हा विषय नाही."

हातावरची भाकरी म्हणजे तांदळाच्या उकडीची भाकरी. ती पोळपाटावर थापायची नसते. गोळा दोन तळव्यांत घेऊन, पाण्याचा हात लावत, टाळ्या वाजवल्यासारखी फिरवत मोठी करायची. आईच्या भाकऱ्यांना लग्नाघरांतून मागणी असायची. तिनं टाळी वाजवायला सुरुवात केली की गोळ्याचा चंद्र व्हायचा. पण त्याला दोन हात लागतात, आणि दोन्ही आपलेच लागतात. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर मी ती परीक्षा निवडली होती. लबाडीच ती.

आई एवढंच म्हणाली, "परीक्षा कुलगावला. माज्या खापरावर."

दिवाळीच्या आधीचा रविवार ठरला. कुळगावच्या स्वयंपाकघरात आई खाली बसली, शेजारी शेगडी, शेगडीवर मातीचं खापर. काकी उंबऱ्यात. बायको भिंतीला टेकून. मी परीक्षक म्हणून समोर पाटावर, आणि परीक्षकाला शोभेल असा गंभीर.

आईनं डाव्या हातात डबी दिली. "आत्या, बसा जरा," असं त्याला आदरानं सांगितलं. आईच्या माहेरी सासूला आत्या म्हणतात. मग परातीची कड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली आणि एका हातानं उकड मळली. गोळा केला. तो तळव्यावर न घेता केळीच्या पानावर ठेवला आणि उजव्या हातानं थापायला लागली, पाणी लावत, पान गोल फिरवत. मध्येच डबी खाली पडली आणि डावा हात शेगडीकडे निघाला. मी उठलो. पण माझ्या आधी आईच्या उजव्या हातानं त्याला मनगटाशी धरून परत मांडीवर आणलं. "आत्या, भाजेल. मी करते न." तिनं डबी पुन्हा मुठीत दिली आणि थापणं पुढे चालू. पानासकट भाकरी खापरावर उलटी केली, पान सोलून काढलं. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. पण ती फुगली.

"झाली," काकी म्हणाली.

"ही पानावरची झाली," मी म्हटलं. "ठरली होती हातावरची. आणि हात शेगडीकडे गेला होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नाही, हेच वाईट लक्षण. "तुजं दोनी हात तुजंच हायेत न?"

"हो."

"मग बस हितं. हातावरची भाकर कर. तुला बी एकट्याला ऱ्हायची येल आली तर?"

काकी टाळी वाजवून हसली. बायको म्हणाली, "बसा, बसा. मलाही बघायचंय." पंचवीस वर्षांचा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता.

मी बाह्या वर केल्या. पहिला गोळा माझ्या तळव्याला असा चिकटला की जन्मखूण वाटावी. दुसरा टाळी वाजवताच दोन बोटांच्या मधून निसटला आणि काकीच्या पायाशी जाऊन पडला. तिसऱ्याला काहीतरी आकार आला. गोल नव्हता, पण आकार होता. तो खापरावर टाकताना माझी दोन बोटं भाजली आणि मी ती तोंडात घालून नाचत असताना आईचा डावा हात डबी सोडून पुढे आला. माझ्या त्या एकुलत्या एक भाकरीच्या मधोमध त्यानं बोट खुपसलं. आरपार.

"आजीनं निकाल दिला," बायको म्हणाली.

मग सगळ्या हसल्या. हसण्यात मीही होतो, पण त्यातच मला भलतंच भरून आलं आणि जे कधी बोलायचं नव्हतं ते बोललो. "आई, भाकरीचं सोड. त्या दिवशी काकीनं फोन केला आणि मी एक तास उशिरा आलो. पुन्हा तसं झालं तर?"

खापरावर माझी भाकरी करपत होती. आईनं ती आधी उलटली, मग बोलली. "मना ठाव हाय तू उशिरा आलास. पन मी एकटी नव्हती. तो तासभर ही," तिनं काकीकडे मान वळवली, "माजा हात धरून बसली होती. तुज्या घरी तुमी दोघं सकाली जाता. सात मजले, बंद दार. तिथं मना कायतरी झालं, तर तुला फोन कोन करील? तुजा कावला?"

मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं, तर ती कधीच आईच्या बाजूला जाऊन बसली होती आणि फाटलेली भाकरी मिठाबरोबर खात होती.

मग अटी ठरल्या. त्या आईनंच घातल्या, मला फक्त ऐकवल्या. काकी उंबऱ्यात असल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. डबीला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची. व्यायामवाली मुलगी आता कुळगावात येईल. मिठाची बरणी वरच्या फळीवर. आणि काही झालं तरी मी एकट्यानं राहायचं नाही, कारण माझी भाकरी काकीच्या कोंबड्यांनीही बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं सामान पोचवून मी दुकानाला निघालो. ती ओट्यावर बसलेली, समोर काकी, दोन्ही दारं उघडी. मी नमस्काराला वाकलो आणि तिच्या डाव्या हातानं माझा शर्ट धरला, दुसऱ्या बटणापाशी. घट्ट.

"जा तू," आई म्हणाली. "दुकान उघडायला उशीर होतो."

"सोड मग."

"मी कुठं धरलंय? आत्यानं धरलंय." ती उजव्या हातानं एकेक बोट सोडवू लागली. एक सोडवलं की दुसरं मिटायचं. "आत्या, सोडा त्याला. जाऊ द्या. येल तो." काकी नेमकी त्याच वेळी कोंबड्यांकडे बघायला लागली. शेवटी मी जरा मागे सरलो, दोरा तुटला, आणि मी उघड्या छातीनं उल्हासनगरला गेलो.

दुपारी दुकानात फोन आला.

"तुजं बटन आत्याच्या मुठीत हाय. सोडायला तयार नाय. रविवारी ये न् घेऊन जा."

"आई, अगं, माझ्या दुकानात बटणांची पोती आहेत."

"ती गिऱ्हायकाला ठेव," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

समोर ते जुने सिंधी गिऱ्हाईक बसले होते. माझ्या शर्टाकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचा माल मोजून दिल्यावर मी सुईदोरा काढला, पोत्यात हात घातला आणि एकेक करत शर्टाची सगळी बटणं पक्की केली. रविवारी मी तोच शर्ट घालून गेलो.